मृगापर्यंतचं बेट

नकाशात ते नाही.
दिवाळी सरली की वैनगंगा अंग चोरते
आणि पात्राच्या मधोमध
उपड्या डोंग्यासारखं वर येतं ते,
मृग लागेपर्यंत.

पहाटे पाचला यादोराव वलथरे
बांबू रोवतो, ढकलतो.
माझ्या मांडीवर पंचायतीची वही,
रकाने आखलेले: जीव, संख्या, वेळ, शेरा.

उतरायला पाय टाकला तर ओरडला,
"थांब माय! खाली पाय ना!"
चपलेपासून वितीवर,
म्हशीच्या खुराच्या वाळल्या ठशात
दोन अंडी. रेतीच्या रंगाची, रेतीच्याच ठिपक्यांची.
टिटवी तोवर डोक्यावर येऊन भांडायला लागलेली.
वेळ पाच चाळीस. संख्या दोन की तीन?
अंड्यांना जीव म्हणायचं का, हे वहीत कुठं लिहिलेलं नाही.
"खाली घातली औंदा," यादोराव म्हणाला,
"पाणी कमीच समज."

पाण्याच्या कडेला पाच बोटांचे ठसे,
मागं फरफटलेली शेपटी,
आणि विष्ठा, तिच्यात खवले चमकणारे.
वहीत पाणमांजर. यादोरावच्या तोंडी हूद.
"दोन जाळी फाडली तिनं माही. लिही."
लिहिलं. शेरा: दोन जाळी येणे.

नऊ वाजता एक कासव, मऊ पाठीचं,
नाक तेवढं वर. मी पेन उघडेस्तोवर
नाकही गेलं.
पलीकडच्या काठावर रेतीचे ट्रॅक्टर, अकरा.
ते कुठल्या रकान्यात घ्यावेत
म्हणून वहीच्या मागच्या पानावर घेतले.

दुपारी बेट तव्यासारखं.
काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची सुरय
उठते, नदीवर जाते, पोट बुडवते,
तशीच थेंब गाळत येऊन
अंड्यांवर टेकते.
पुन्हा उठते.
एका तासात नऊ वेळा मोजलं,
मग मीही पदर भिजवून डोक्यावर घेतला
आणि दोन-तीन खेपा मोजायच्या राहिल्या.

भागरथाच्या डांगरवाडीत खड्ड्यांच्या ओळी
सुतानं आखल्यासारख्या सरळ.
एकच ओळ मध्येच तुटते,
सात हात रेती कोरी,
मग पुन्हा वेल सुरू.
"इथं काहून नाही लावलं?"
ती फळ उलटं करून बुड पाहत होती.
"तिथं ते बसते ना, पांढरं."
एवढंच. आणि मला एक फोड दिली,
गरम, गोड, दातात रेती.

सहाच्या सुमारास कोल्हा.
पाण्यातून आला, कान तेवढे कोरडे ठेवून.
माझ्या हातात ढेकूळ, नजर सुरयीवर.
तो तिच्या अंगावरून गेलाच नाही,
सरळ वाडीत. एक हुंगलं, सोडलं.
दुसरं हुंगलं, सोडलं.
तिसरं फोडलं.
भागरथानं हाणलेली काठी त्याला लागली नाही,
लागावी अशी हाणलीही नव्हती.
कोल्हा, एक. शेरा: पिकलेलं ओळखतो.

निघताना यादोराव बांबूपाशी थबकला.
सकाळी रोवलेला,
आता ओल दोन बोटं वर.
पाऊस नाही, ढग नाही,
आभाळ भाकरीसारखं कोरडं.
"वरून सोडलं वाट्टे."

टिटवीला धरणाचं कोणी सांगितलं नव्हतं.
तिचा खूर पाण्यापासून
सकाळी हातभर होता.
आता वीत.

भागरथानं डांगरं उतरवून टोपलं रिकामं केलं
आणि रेती भरायला बसली.
खुराच्या खालच्या अंगाला एक टोपलं,
दोन, बांध घातल्यागत.
टिटवी तिच्याच डोक्यावर शिव्या देत फिरते,
ती वर पाहतही नाही,
"हो माय, हो," म्हणते, नि भरते.

शेऱ्याचा रकाना कोरा होता.
अंधारात ओळी दिसेनाशा झालेल्या.
वही मी डोंग्यात ठेवली.
दोन्ही हात लागणार होते.